पांढुर्णा, सौंसर आणि गिटारीची गुणगुण

नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी काटोल, नरखेड मागे टाकते आणि सीमा ओलांडून पांढुर्ण्याला पोहोचते. सीमा केवळ नकाशावरची. फलाटावर कानी पडते ती आपलीच वऱ्हाडी वळणाची मराठी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा निराळा जिल्हा झाला. येथल्या संत्र्याच्या बागा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार आणि सौंसरजवळचा जामसावळीचा निद्रिस्त मारुती वाचकांना ठाऊक असतील. मला मात्र या खेपेस तेथे ओढून नेले ते पांढुर्ण्याच्या माझ्या भाच्याच्या इलेक्ट्रिक गिटारीने.

गणेशोत्सवात सौंसरला त्याचा कार्यक्रम होता. सायंकाळी मांडवात जोडणी झाली आणि कर्ण्यांतून अखंड गुणगुण सुरू झाली. "मामा, गिटारच बिघडली जी," तो हिरमुसून म्हणाला.

ध्वनिक्षेपक सांभाळणारे वयस्क काका पुढे आले. त्यांनी प्रथम सारे बंद करून तारा छेडायला लावल्या. तेव्हाही खरखर आली असती, तर तार पडद्यावर घासते आहे असे समजावे. तो दोष दांडीचा, विजेचा नव्हे. मग वीज सुरू करून त्यांनी गिटारीची वायर काढली. गुणगुण तशीच! गिटार निर्दोष ठरली. शेवटी ॲम्प्लिफायरपासून मिक्सरकडे जाणारी वायर सोडवताच आवाज थांबला.

कारण साधे होते. दोन्ही यंत्रे मांडवाच्या दोन टोकांच्या निरनिराळ्या जोडण्यांवर होती. दोन्हींकडचे अर्थिंग त्या वायरने एकमेकांस जोडले जाऊन एक वळसा तयार झाला होता, आणि सेकंदाला ५० आवर्तनांची आपली वीज त्यातून गुणगुणत होती.

"प्लगची जाड पिन काढून टाकली का आवाज बंद होते, असं मित्र म्हणते," भाचा उत्साहाने म्हणाला. काकांचा चेहरा कठोर झाला. "आवाज बंद होईन, पण एखाद्या दिवशी वाजवणाराच बंद होईन!"

ही अतिशयोक्ती नव्हती. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्झी येथे लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मृत्यू पावला. हाती तारा आणि ओठांशी माइक असलेल्या गायकाचे प्राण त्या एका पिनेवर अवलंबून असतात.

काकांनी दोन्ही यंत्रे पक्क्या अर्थिंगच्या एकाच बोर्डावर घेतली आणि गिटारीची वायर रोषणाईच्या तारांपासून दूर केली. गुणगुण गेली.

भाच्याला नवा ॲम्प्लिफायरही घ्यायचा होता. काकांचा सल्ला असा: घरच्या सरावाला १० ते २० वॅट पुष्कळ, वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबलांनी वाढतो. दुकानात आपलीच गिटार न्यावी, आवाज चढवून ऐकावे आणि मग हात थांबवून शांततेतही ऐकावे. गिटारीत दोन उलट गुंडाळ्यांचे पिकअप असल्यास बाहेरची गुणगुण एकमेकींत विरते. गिब्सन कारखान्यात सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास साधलेली ही युक्ती होय.

रात्री कार्यक्रम रंगला. निघताना काका भाच्याला एवढेच म्हणाले, "बाबू, सूर मागून येते. आधी अर्थ पक्का पाह्यजे."