फांदी वाकवली होती

फांदी मी वाकवली होती, एवढं खरं.

बुलबुलाचं घरटं छातीइतक्या उंचीवर, वाटीएवढं. आत गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. पाहिली, फांदी सोडली, धुऱ्यावर आलो, तोच शिक्रा आला. जेमतेम कबुतराएवढा पक्षी. संत्र्याच्या दोन ओळींमधून जमिनीलगत कधी गेला ते कळलंच नाही. मग समोरच्या बाभळीवर बसून निवांत बुलबुलाची पिसं उपटू लागला. डोळे लालबुंद, म्हणजे नर.

"कावळा बसाले अन् फांदी मोडाले," आमचा जुना सालदार म्हणाला. "तुमी काहून जिवाले लावून घेता, भाऊ?"

शेंदूरजनाघाटच्या माणसानं ही म्हण वापरावी याचं मला नवल वाटतं. संत्र्याची फांदी उगाच मोडत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? साल खाणारी अळी आतून पोखरते, डिंक्या लागतो, आंबियाच्या फळांचा भार झाला की बांबूचे टेकू द्यावे लागतात. कावळ्याचं वजन ते किती! म्हणजे फांदी आधीच गेलेली, कावळा सुटला. पण मग तो नेमका तिच्यावरच का बसला? पोखरलेल्या लाकडात किडे असतात म्हणून? तसं असेल तर ही गाठ योगायोगाची कसली? अन् वाळकी फांदी वाळकी आहे म्हणूनच कावळ्याला तिच्यावरून दूरचं दिसत असेल, तर... असो. म्हणीला इतकं सोलायचं नसतं.

पण घरटं उघडं पडलं ते कशानं? मृग बहारासाठी बाग ताणावर सोडली होती. मे महिनाभर पाणी बंद. पानं पिवळी पडून गळतात, झाड विरळ होतं. पाणीही मीच तोडलं होतं.

तेवढ्यात पावशा ओरडायला लागला. 'पेरते व्हा, पेरते व्हा.' हाही दिसायला थेट शिक्रा: तीच राखाडी पाठ, तेच शेपटीवरचे पट्टे, बसायची ढब तीच. सातभाई घाबरतात, अन् त्यांच्याच घरट्यात पावशाची मादी निळं अंडं टाकून जाते. स्वतः खातो मात्र बहुतेक सुरवंट. असल्या सोंगाड्याच्या हाकेवर आपण तिफण काढतो. एका वर्षी मीही त्याचं ऐकून पेरलं, अन् दुबार पेरणी करावी लागली. त्यानं फसवलं म्हणू? तो तर मादीला बोलावत होता. माझ्या शेताशी त्याचं काय देणंघेणं? तरी पुढच्या वर्षी कान त्याच्याकडेच होते.

दुसऱ्या दिवशी त्याच बाभळीवर राखाडी पाठ दिसली. शिक्रा की पावशा? ऊन डोळ्यांवर होतं. जोडीतला उरलेला बुलबुल कुठेतरी टिवटिवत होता, पण अंड्यांवर कोणी बसलंय का ते धुऱ्यावरून दिसेना. त्यासाठी फांदी वाकवावी लागली असती.