वहिनींचा नवा फोन

वहिनी अंगणवाडी सेविका आहेत. फोन हा त्यांच्यासाठी हौसेचा विषय कधीच नव्हता. मुलांची हजेरी, वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, सगळं पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरायचं. 2025 पासून तर घरी न्यायच्या आहाराचं, म्हणजे टीएचआरचं पाकीट देताना फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून ओळख पटवावी लागते. फोन अडला की पाकीट अडतं, आणि पोर कडेवर घेऊन उन्हात उभी राहिलेली आई बोलते ती सेविकेलाच. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. दोन जीबी रॅमचे ते फोन तापायचे, मध्येच बंद पडायचे, आणि वर ट्रॅकर इंग्रजीत. वहिनी त्या आंदोलनात होत्या. त्यामुळे स्वतःचे पैसे घालून फोन घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "भाऊजी, जागा किती लागंल?" मी म्हणालो, 64 जीबी पुष्कळ झाली.

दहा हजारांच्या आतला फोन विट्यातल्या एका दुकानातून आणला. दुकानातल्या मुलाने "काकू, चालू करून देतो" म्हणत पेटी फोडली, दुकानाच्या वायफायवर फोन जोडला आणि पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे असं बोट चालवत पाच मिनिटांत फोन त्यांच्या हातात दिला. घरी येऊन बघतो तर जागेचा जवळजवळ तिसरा हिस्सा आधीच गेलेला. त्यातला बराचसा भाग अँड्रॉइडचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण पडद्यावर खरेदीची ॲप होती, बातम्यांची होती, छोट्या व्हिडिओंची होती, फुगे फोडायचा खेळ होता, आणि "लोकप्रिय ॲप्स" नावाची एक चौकट होती, जी उघडली की आणखी दहा चित्रं दिसत. त्यातली काही अजून फोनमध्ये आलेलीच नव्हती, नुसतं बोट लागायचा अवकाश.

"हे कुणी भरलं ह्यात? मी तर अजून काहीच घेतलं न्हाई," वहिनी म्हणाल्या.

मी कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, तेव्हा हे काम घरात माझ्याकडेच येणार हे ठरलेलं. माझ्या स्वतःच्या फोनवर असली ॲप मी कोपऱ्यात ढकलतो आणि विसरतो. वहिनींच्या शेजारी बसल्यावर कळलं की त्रास नुसत्या गर्दीचा नाही, जोड्यांचा आहे. फोटो बघायला दोन ॲप, एक गुगलचं, एक फोनच्या कंपनीचं. ब्राउझर दोन, कॅलेंडर दोन, ॲप उतरवून घ्यायची दुकानंसुद्धा दोन. चित्रं इतकी सारखी की मीही दोनदा बघत होतो. अंगणवाडीतल्या गरम ताज्या आहाराचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा असतो. वहिनी तो एका गॅलरीत शोधत, तर तिथे आधी परवानगी मागणारी पाटी, मग खात्यात शिरायची पाटी, मग फोटो. सुपरव्हायझर बाईंनी पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवलं की कंपनीचा ब्राउझर उघडे आणि लिंकच्या आधी हिंदीतल्या चटपटीत बातम्या पुढे येत.

सगळ्यात वाईट होता लॉक स्क्रीन. दर वेळी नवं चित्र, खाली मथळा, बहुधा एखाद्या नटीच्या लग्नाचा किंवा कपड्यांचा. वहिनी पोराला वजनकाट्यावर ठेवतात, आकडा टाकायला फोन उचलतात, आणि समोर बसलेल्या आयांना आधी ती नटी दिसते. "बाया हसत्यात, आन् मी कायतरी बघतच बसल्यागत वाटतं," असं त्या चिडून म्हणाल्या. तेवढ्यात फोनच्या "सफाई"च्या ॲपने कचरा साफ करा म्हणून सूचना दिली. साफ करायला गेलो तर अख्खा पडदा व्यापणारी जाहिरात, आणि तिची फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडावं. कचरा काढणारं ॲपच जाहिराती दाखवतं, हा विनोद करणाऱ्याला मी मानतो.

मग आम्ही दोघं सेटिंग्जमध्ये शिरलो. फोन मराठीत करून घेतला होता, त्यामुळे वहिनींनाही वाचता येत होतं, आणि वाचण्यात त्या माझ्यापेक्षा चिवट. रजिस्टरं भरण्यात आयुष्य गेलेली बाई कुठलीही ओळ सोडत नाही. थीम बदलायच्या ॲपने फोनमधल्या नंबरांची यादी मागितली तेव्हा त्यांनी विचारलं, "भिंतीला रंग द्यायला आलेल्या माणसाला माझ्या सोयऱ्याधायऱ्यांची नावं कशाला पायजेत?" मी "अनुमती देऊ नका" दाबलं. फोन ठीक चालला.

खरेदीची ॲप, खेळ, व्हिडिओ हे सगळं सरळ गेलं. त्यांच्या पानावर "अनइंस्टॉल करा" हा शब्द होता. ही ॲप कंपनीने फोनमध्ये ठेवलेली असतात, पण साध्या जागेत, म्हणून ती पूर्ण निघतात आणि जागाही मोकळी होते. पुढची जात वेगळी. तिथे "अनइंस्टॉल करा"च्या जागी "बंद करा" एवढंच लिहिलेलं असतं. ही ॲप फोनच्या सिस्टीमच्या भागात बसवलेली असतात, आणि तो भाग वापरणाऱ्याला फक्त वाचता येतो, त्यातलं खोडता येत नाही. बंद केलं की चित्र जातं, ॲप मागच्या बाजूने चालणं थांबतं, सूचना थांबतात. मूळ प्रत मात्र जिथल्या तिथे. आधी अपडेट काढून टाकली आणि डेटा पुसला तर वरची वाढीव जागा तेवढी परत मिळते. तिसरी जात म्हणजे जिथे "बंद करा" हा शब्दही फिकट पडलेला. दाबा, काही होत नाही. "सक्तीने थांबवा" तेवढं दाबता येतं, आणि थोड्या वेळाने ते ॲप पुन्हा उठून बसतं. कंपनीचा ब्राउझर याच जातीचा, सफाईवालाही याच जातीचा. लॉक स्क्रीनच्या बातम्या तीन पानं आत गेल्यावर एका बटनाने बंद झाल्या, एवढं सुदैव.

एके ठिकाणी वहिनींनी माझा हात धरला. आवाज रेकॉर्ड करायचं ॲप मी बिनकामाचं धरून पुसायला निघालो होतो. "ते राहू द्या. बीटच्या बैठकीत तोंडी सांगत्यात एक, आन् पुढच्या म्हैन्याला विचारत्यात दुसरंच." बीट म्हणजे एका सुपरव्हायझरकडच्या अंगणवाड्यांचा गट. रेकॉर्डर राहिला, आणि पहिल्या पानावर आला.

त्या फिकट शब्दांसाठी मी लॅपटॉप काढला. फोनच्या माहितीच्या पानावर "बिल्ड नंबर" असतो, त्यावर सात वेळा बोट मारलं की तुम्ही आता डेव्हलपर आहात असा संदेश येतो. वहिनींना हे फार आवडलं. सात वेळा बोट मारण्याच्या लायकीवर पदवी मिळते म्हणून. मग यूएसबी डीबगिंग चालू करायचं, वायरने लॅपटॉपला जोडायचं, फोनवर येणाऱ्या प्रश्नाला हो म्हणायचं, आणि एडीबी नावाच्या साधनातून ॲपचं लांबलचक मूळ नाव लिहून हुकूम द्यायचा की, या वापरकर्त्यापुरतं हे काढ. हेही खरं पुसणं नव्हे. मूळ प्रत सिस्टीमच्या भागात राहतेच, आणि फोन फॅक्टरी रीसेट केला की सगळी मंडळी हजर. पण रोजच्या वापरात ॲप गेलेलं असतं, आणि वहिनींना तेवढंच हवं होतं.

इथे नेटवर मिळणाऱ्या लांब याद्या डोळे मिटून चालवू नयेत. सिस्टीम वेबव्ह्यू हे नाव फालतू वाटतं, पण अनेक ॲप आपल्या आतलं पान त्याच्यावरच दाखवतात. मार्च 2021 मध्ये त्याचं एक अपडेट बिघडलं तेव्हा जगभर अँड्रॉइडवरची ॲप उघडता उघडता मिटत होती. दुसरा कीबोर्ड बसवण्याआधी पहिला काढला तर पासवर्ड टाकायलाही काही उरत नाही. काही फोनमध्ये कंपनीची हरवलेला फोन शोधायची सेवा काढली तर फोन चालूच होत नाही. म्हणून मी एकेक काढलं, मध्ये फोन बंद-चालू केला, आणि दर वेळी वहिनींना पोषण ट्रॅकर उघडून चेहरा टिपायच्या पानापर्यंत जाऊन बघायला लावलं. ब्राउझर गेला, सफाईवाला गेला, कंपनीचं ॲपचं दुकान गेलं. पैसे पाठवायच्या एका ॲपमधून दोन लाखांच्या कर्जाची सूचना येत होती, तेही गेलं. हे कर्जाचं प्रकरण मला खेळांपेक्षा जास्त खुपलं. जानेवारी 2025 मध्ये थायलंडात दोन कंपन्यांच्या फोनमध्ये कर्ज देणारी ॲप आधीच बसवलेली निघाली, तेव्हा तिथे मोठी ओरड झाली होती. मानधनाची वाट बघणाऱ्या बाईच्या फोनवर दोन लाख मंजूर म्हणून नाचवणं हे साधं काम नव्हे.

चार्जरची पिन सैल होती म्हणून पुन्हा दुकानात जाणं झालं, तेव्हा मालकांकडे विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या हातात काय नाही सर. माल भरूनच येतो. अन् ते भरलंय म्हणून तर हा फोन ह्या पैशात पडतो." त्यांचं खोटं नाही. ॲपवाले फोनच्या कंपनीला आत बसवायचे पैसे देतात, पुढे जाहिरातींतला वाटा मिळतो. एका मोठ्या चिनी कंपनीने तर 2018 मध्ये जाहीरच केलं होतं की हार्डवेअरवर पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही. कमाई पुढे सेवांतून. मालकांच्या हिशेबात एकच गोष्ट सुटते. पन्नास हजारांचा फोन घेणाऱ्याला लॉक स्क्रीनवर नटी सहसा दिसत नाही. ती दिसते आठ-दहा हजारांचा फोन घेणाऱ्याला, ज्याच्याकडे बहुधा लॅपटॉपही नसतो आणि लॅब सांभाळणारा दीरही. मी पाचशे रुपये जास्त देऊन रिकामा फोन घेतला असता, पण तसा काउंटरवर ठेवलेलाच नव्हता.

कायद्याच्या अंगाने काही झालंच नाही असं नाही. 20 ऑक्टोबर 2022 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलच्या ॲपचा सगळा गठ्ठा फोनमध्ये बसवा, ही सक्ती त्यातल्या आक्षेपांपैकी एक होती, आणि आधीपासून बसवलेली गुगलची ॲप लोकांना काढू द्या असंही आयोगाने बजावलं होतं. 29 मार्च 2023 रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले. त्यात ॲप काढू देण्याचा निर्देशही गेला. म्हणून वहिनींच्या फोनवर गुगलच्या कित्येक ॲपसमोर आजही "बंद करा" एवढंच आहे.

आम्ही हा उद्योग करत होतो त्याच सुमाराला संचार साथी ॲपचं प्रकरण गाजलं. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2025 च्या शेवटी कंपन्यांना आदेश दिला की नव्वद दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे सरकारी ॲप बसवा आणि ते निकामी करता येऊ नये. संसदेत, बाहेर गदारोळ झाला, आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली. मी घरात तावातावाने बोलत होतो की आता सरकारही त्याच रांगेत. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पण त्यात चोरीला गेलेला फोन बंद करता येतोय न्हवं?" येतो, मी म्हणालो. चोरीला गेलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक कळवला की तो देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. त्यांच्या बीटमधल्या एका सेविकेचा फोन एसटीत गेला होता, आणि त्यात अख्ख्या वस्तीच्या मातांची माहिती होती. रात्री त्यांनी स्वतः प्ले स्टोअर उघडून ते ॲप उतरवून घेतलं. माझं भाषण तेवढ्यावर थांबलं, पण सक्तीबद्दलचं मत मी बदललेलं नाही.

त्यानंतर फोनचं मोठं अपडेट आलं आणि दोन खेळ, एक खरेदीचं ॲप परत उगवलं. वहिनींनी मला सांगितलंही नाही. नंतर सहज बोलण्यात आलं. त्यांनी ते सगळं काढलं, आणि ॲपना आपोआप उतरू देणाऱ्या कंपनीच्या कुठल्याशा "शिफारशी" शोधून बंदही केल्या, ज्या माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.

आता बीटच्या बैठकीला सेविका फोन घेऊन त्यांच्याभोवती बसतात. त्यांचा पहिला नियम मी सांगितलेला नाही, त्यांनी काढलेला आहे: नवा फोन दुकानात चालू करू द्यायचा नाही. घरी आणायचा, सिम आणि वायफाय न जोडता सुरू करायचा, प्रत्येक पानावरची आधीच केलेली खूण वाचून काढायची, मग नेट. नेटच नसेल तर "लोकप्रिय" मंडळी उतरणार कुठून? काही कंपन्यांच्या फोनवर हे जमतं, काहींवर सुरुवातीचं पान नेट मागून अडून बसतं, तिथे त्या "वगळा" हा शब्द कुठे लपवलाय ते हुडकतात. काल त्यांनी एका मैत्रिणीच्या फोनचा फोटो पाठवला. सेटिंग्जचं पान, त्यावर एक हवामानाचं ॲप, आणि खाली फिकट पडलेलं "बंद करा". सोबत निरोप: "भाऊजी, हे माझ्याच्यानं होईना. रविवारी लॅपटॉप घेऊन या, आन् येताना वायर विसरू नका, तिच्याकडची जुन्या पिनची हाय."