उधारीची वही

राहुरी तालुक्यात मुळेच्या कालव्याला आवर्तन सुटले, की माझ्या मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग लागते. तीनपैकी एक फेज गेली तरी चालू मोटार दोन फेजांवर ओढत राहते. वेटोळी तापतात, इन्सुलेशन जळते. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची, म्हणून फोनांची सुरुवात भल्या सकाळीच होते आणि माझे हात तर वार्निशने माखलेले. उत्तर न मिळालेला शेतकरी दुसरे दुकान गाठतो.

पुण्याच्या पुतण्याने 'व्हर्च्युअल असिस्टंट' नेमण्याचे सुचविले. म्हणजे दूरगावी स्वतःच्या घरी बसून आपले फोन घेणारी, बिले करणारी, जीएसटीच्या ११ आणि २० या तारखा सांभाळणारी मदतनीस. दिवसाचे चार तास, महिना ८,००० रुपये. अकोल्याच्या एका भगिनीशी बोलणे झाले. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, त्यामुळे बाहेरची नोकरी तिला अशक्य होती. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "उधारीची वहीसुद्धा देणार?"

मी तीही दिली. पानांची छायाचित्रे पाठविली आणि थकबाकीदारांना दर आठवड्याला स्मरण द्यावे, असे सांगितले. पंधरा दिवसांत वसुली आली. मी सुखावलो, हे कबूल करतो.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक गृहस्थ माझ्याजवळ आले. त्यांच्या पत्नीला माती देऊन नऊ दिवसही झाले नव्हते. त्या अंत्यविधीला मी स्वतः उभा होतो. त्यांनी खिशातून ३,२०० रुपये काढून माझ्या हातात ठेवले आणि काही न बोलता निघून गेले. आदल्या संध्याकाळी त्यांना तिसरे स्मरण गेले होते. त्या भगिनीला दोष कसा देणार? तिच्यापुढे नाव, रक्कम आणि तारीख एवढेच होते. मी मागे धावलो, परंतु पैसे परत घ्यायला ते तयार झाले नाहीत.

लूककृत शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायातील कारभारी ऋणकऱ्यांना एकेक बोलावून कोणाच्या शंभराचे पन्नास, कोणाच्या शंभराचे ऐंशी करून देतो. त्याच्या लबाडीवर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत. त्या कथेतला धनी ऋणकऱ्यांना एकदाही भेटत नाही, हे मात्र त्या रविवारी प्रथमच लक्षात आले.

काम बंद करावे, असे सौभाग्यवतींचे मत पडले. स्मरणाचा मजकूर मवाळ करावा, हे पुतण्याचे. मी त्या भगिनीला ठेवले आणि वही तेवढी परत घेतली. फोन, बिले, जीएसटी तिच्याकडे. विवरणपत्राचा ओटीपी माझ्या मोबाइलवर. १९०३ साली आपल्याच जिल्ह्यात केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी मासिक सुरू केले, त्याचे नाव त्यांनी 'निरोप्या' ठेवले होते. तिच्या कामाला मला तोच शब्द सुचतो. 'असिस्टंट' माझ्या जिभेला अजून जड जातो.

उधारीसाठी मी पुन्हा सायकलवर जातो. वसुली अर्थातच मंदावली आहे. मागच्या आठवड्यात तिने विचारले, "काका, ते काम गेले, तेव्हा पैसेही कमी होतील का?" मी नाही म्हटले. उसाची बिले निघेपर्यंत हे ८,००० कोठून काढायचे, ते आम्ही दोघे दर शनिवारी रात्री मोजत बसतो.