आठ गेला कुठे?

हॅम्बुर्गमधल्या आमच्या गल्लीत एका बाजूला विषम नंबरांची घरं, समोर सम. समजा, पोस्टमन विषम बाजूची दोन घरं करतो, रस्ता ओलांडून समोरचं एक, की पुन्हा इकडे दोन. १, ३, २. ५, ७, ४. ९, ११, ६. इकडे ९९ होतात तेव्हा तिकडे जेमतेम ५०. समवाले कुरकुरणार. पण गल्ली अनंत असेल तर पत्र कुणाचंच चुकत नाही.

ही मांडणी लोथार कोलात्झ यांच्या १ जुलै १९३२ च्या वहीतली. तेव्हा त्यांना बावीस पुरी व्हायला पाच दिवस होते. १९५२ पासून ते इथेच, हॅम्बुर्गला प्राध्यापक होते. नाव मात्र गाजलं दुसऱ्या कोड्यामुळे: सम असेल तर निम्मं करा, विषम असेल तर तिप्पट अधिक एक. मला विचाराल तर वहीतलं जास्त देखणं.

आता पत्र ज्या घरी पडेल, त्या नंबरचं पत्र पुढे बघायचं. चौथं पत्र ५ नंबरला पडतं, पाचवं ७ ला, सातवं ९ ला, नववं ६ ला, सहावं ४ ला. म्हणजे ४ पाच पावलांत स्वगृही. ४४ ला बारा लागतात. आणि ८? ११, १५, १०, १३, १७, २३, ३१, ४१... तीनने भाग गेला की आकडा दोन-तृतीयांशावर घसरतो, नाही गेला तर सुमारे चार-तृतीयांशपट चढतो. दोन चढण, एक उतार असं धरलं तर तीन पावलांत ३२/२७ पट. तेव्हा ८ गेला तो गेलाच, असं वाटतं. सिद्ध कुणी केलेलं नाही.

देवळालीच्या कापरेकर गुरुजींच्या ६१७४ कडे नाना आकडे येऊन मिळतात. इथे ती सोय नाही. प्रत्येक आकड्याकडे येणारी वाट एकच, त्यामुळे ८ दुसऱ्याच्या चक्रात घुसून बसू शकत नाही. परतायचंच तर १२ वरून. १२ च्या आधी १८, त्याआधी २७, २०, ३०, ४५, ३४...

रविवारी इथे दुकानं बंद. मग मी एकाच कागदावर दोन्हीकडून लिहीत सुटतो: वरून पुढची वाट, खालून मागची. काल वर १५३ झाले, खाली १०८.