देवीचा हुकूम

जव्हारहून दाभोशाला निघालो तेव्हा वैशाख सरत आला होता. लेंडी नदीची धार बारीक झाली होती; तीनेकशे फुटांचा कडा उन्हात उघडा पडला होता. पर्यटक नव्हते. पाड्यावर मात्र लग्न होतं.

गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक, मधोमध पालघाट देवी. समोर बसलेली म्हातारी गात होती. ही धवलेरी. वारल्यांचं लग्न भटजी नव्हे, बाई लावते. जुनी कवयित्री महदंबा हिच्या धवळ्यांत, म्हणजे लग्नगीतांत, आणि या म्हातारीच्या नावात एकच शब्द आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं.

याच पालघर जिल्ह्यातून देवी एकदा बायांच्या तोंडून बोलली होती. 1922 साली देवी रोगाच्या साथीत पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार कोळ्यांत बायांच्या अंगात देवी आली. दारू-ताडी सोडा, मटण-मासळी सोडा, असा तिचा हुकूम. तो घाट चढून बागलाण, डांगातून सुरत जिल्ह्यात पोचला. 9 नोव्हेंबरला वालोड तालुक्यातल्या खानपूरला दोनेक हजार आदिवासी जमले. तिथे या देवीचा, सलाबाईचा, आणखी एक हुकूम झाला: पारशांशी संबंध तोडा. दारूची दुकानं नि बऱ्याच जमिनी त्यांच्या हातात होत्या. डेव्हिड हार्डिमन यांनी हा सारा इतिहास 1987 च्या पुस्तकात मांडला. तो वाचल्यापासून ‘अंगात येणं म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

आफ्रिकेतही हेच दिसतं. 1953 साली आजच्या झांबियातल्या ॲलिस लेन्शिना या बाईने आपण मरून परत आल्याचं सांगितलं आणि जादूटोण्याच्या वस्तू टाकायला लावल्या. हजारो लोक तिच्यामागे गेले. अशा धर्मांतरांबद्दल मानवशास्त्रज्ञ रॉबिन हॉर्टन यांनी 1971 मध्ये लिहिलं, की धर्मांतर बाहेरून ओतलं जात नाही. गावाची वेस मोडून मोठं जग आत शिरलं की जुनी श्रद्धाच स्वतःला बदलून घेते. मला ते पटतं. सलाबाईने कुणाला नवा धर्म दिला नाही. आपल्याच देवीच्या शब्दावर माणसं बदलली. पुढे हुकूम पाळणारे ‘वरजेला’ आणि तो मोडणारे ‘सरजेला’ अशी फूट पडली, पण दारूच्या पिठेवाल्याचा धाक एकदा मोडला होता.

म्हातारी गातच होती. दाभोशाला याल तेव्हा धबधबा पाहून लगेच मागे फिरू नका. लग्नसराई असेल तर पाड्यावर विचारून जा, आणि धवलेरीचं गाणं संपल्याशिवाय उठू नका.