तांबडा खिळा

आमच्या दुकानात वहीपेक्षा भिंतीचा शब्द मोठा. तुळजापुरात देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर कवड्यांच्या माळा, परड्या आणि कुंकवाचं दुकान. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, त्यांवर माळा. अण्णा वरच्या रांगेपासून विकत खाली यायचे. तळाला एक खिळा तांबडा रंगवलेला. तिथल्या माळेला हात लावायचा तो व्यापाऱ्याला पत्र टाकूनच. कवडी समुद्रातली, आम्ही बालाघाटावर. माल कधी पोचेल याचा भरवसा नसे.

आमचं गिऱ्हाईक कधी येणार, ते पंचांगात छापलेलं असतं. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, नवरात्र, मग कोजागरीला सोलापूरकडून पायी येणारी रीघ. किती येणार, ते मात्र पाऊस ठरवतो. पूर्वी उडीद-मुगावर होतं, आता सोयाबीनवर. रास घरात आली तर आराधी बाई नवी माळ घेते. परतीच्या पावसानं पीक नासलं की जुन्याच कवड्या नव्या दोऱ्यात ओवते. म्हणून अण्णा श्रावणापासूनच येईल त्याला विचारायचे, "मूग कसाय?" लोकांना ती चौकशी प्रेमाची वाटे. थोडी होतीही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. सोळा दिवसांनी घट बसायचे होते, माल भरलेला होता. उमरगा-लोहाऱ्याकडच्या गिऱ्हाइकांना काय विचारणार? त्या सालची पानं अण्णांनी पुढं कधीच अंदाजाला धरली नाहीत.

पुढं चाकणला गोदामात नोकरी करताना साठा राखण्याच्या या विद्येचे ग्रंथ भेटले. फोर्ड हॅरिसचं १९१३चं सूत्र मागणी ठाऊक आहे असं धरूनच चालतं, सुखी माणूस! १९५१ साली ॲरो, मार्शाक आणि दुसऱ्याच एका हॅरिसनं बेभरवशाच्या मागणीचा विचार मांडला: साठा खालच्या पातळीला आला की वरच्या पातळीपर्यंत भरा. आमच्याकडं खालची पातळी तांबड्या खिळ्याची. वरची सावकार ठरवायचा.

शेजारचा फुलवाला झेंडू कमीच आणायचा, कारण उरलेला संध्याकाळी फेकावा लागे. कवडी कुठं सुकते, म्हणून आम्ही त्याला हसायचो. २०२० साली मार्चात देऊळ बंद झालं. त्यात अधिक आश्विन, नवरात्र महिनाभर लांबलं आणि भाविकांविनाच पार पडलं. फुलवाल्यानं झेंडू आणणंच थांबवलं. दुकान सांभाळणाऱ्या धाकट्या भावाची भिंत मात्र गच्च होती, आणि कवडी सुकत नसली तरी तिच्यात अडकलेल्या पैशाला व्याज फुटतं.

७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेच्याच दिवशी, देवळं पुन्हा उघडली. ते जाहीर झालं जेमतेम पंधरवडाभर आधी. तेवढ्यात नवा माल कुठला यायला! भावाचा जुना साठा हलू लागला. मी फोनवर दोन सालांचं व्याज वजा करून त्याला नफ्याचा खरा आकडा ऐकवला.

"दादा, हे त्या फुलवाल्याला सांग," तो म्हणाला. "सकाळीच माझ्याकडून वीस परड्या उधारीवर घेऊन गेलाय."