ठिणगीची निवड

मोठ्या यंत्राचे सामर्थ्य पुष्कळदा लहानशा भागावर अवलंबून असते. छोट्या विमानाच्या पिस्टन इंजिनातील स्पार्क प्लग हा असाच एक भाग. सिलिंडरमधील इंधन व हवेचे मिश्रण तो ठिणगीने पेटवतो. रस्त्यावर मोटारसायकलचा प्लग निकामी झाला, तर चालक गाडी कडेला घेतो. आकाशाला कड नसते. म्हणूनच विमानाच्या प्रत्येक सिलिंडरला सहसा दोन प्लग असतात आणि त्यांना वीज पुरवणारे मॅग्नेटोही दोन. उड्डाणापूर्वी वैमानिक इंजीन आळीपाळीने एकेका मॅग्नेटोवर चालवून त्याचे फेरे किती घटतात, ते पाहतो. घट मर्यादेबाहेर गेली, तर विमान जमिनीवरच राहते.

प्लग निवडताना पहिला विचार उष्णतेचा. ‘गरम’ प्लगचे टोक उष्णता सावकाश सोडते, ‘थंड’ प्लगचे लवकर. जास्त दाबाच्या इंजिनात गरम प्लग बसवला, तर त्याचे तापलेले टोकच ठिणगीआधी मिश्रण पेटवते आणि पिस्टन जळू शकतो. कमी दाबाच्या इंजिनात थंड प्लग बसवला, तर टोकावर काजळी व पेट्रोलमधील शिसे साचून ठिणगी मंदावते. दुसरा विचार किमतीचा. निकेलच्या जाड टोकांचे प्लग स्वस्त. इरिडियमच्या बारीक तारेचे महाग, पण अधिक टिकाऊ. मात्र इंजिनाच्या निर्मात्याने मान्य केलेल्या यादीतूनच निवड करावी लागते. हातातून पडलेला प्लगही बाद ठरतो; त्याच्या आतील तडा डोळ्यांना दिसेलच असे नाही.

या छोट्या वस्तूने एकदा माणसांचीही पारख केली. इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस ठेवले होते. मे १९३० मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून येत होते. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी प्लगअभावी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पींना मिळाले. पुढे ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले.

हँगरमध्ये प्लग बसवणाऱ्या तंत्रज्ञाला असे नाव मिळत नाही. त्या विमानातून कोण उडणार, हेही त्याला अनेकदा ठाऊक नसते. तरीही शंका आलेला प्लग तो बाजूला ठेवतो आणि खात्री पटल्यावरच नोंदवहीत सही करतो. न पाहिलेल्या माणसाच्या जिवाची काळजी वाहणारा हा प्रामाणिकपणा कोणत्याही कामाला प्रतिष्ठा देतो.